ओवाळणीतला आकडा

वामनरावांना ओळखत नाही असा माणूस शोधायचा, तर आधी जठारपेठेच्या बाहेर जावं लागेल. अकोल्यात चौतीस वर्षं त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आणि त्यातली तीस वर्षं तरी 'भारताचा विदेश व्यापार' हा एकच धडा शिकवला, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. दुसरे धडे होते, नव्हते असं नाही. पण सर फिरून फिरून निर्यातीवरच येत. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. दर महिन्याच्या मध्याला सरकार देशाच्या निर्यातीचे आकडे जाहीर करतं, त्या दिवशी या माणसाला जेवणाखाण्याचं भान नसतं. कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला शेअरबाजाराचं, यांना तक्त्यांचं. लाल पुठ्ठ्याच्या जाडजूड वहीत महिना, माल, देश, किती दशलक्ष डॉलर, रुपयाचा भाव काय होता, हे सगळं निळ्या शाईत उतरवून घ्यायचं. अशा सात वह्या झाल्या. अडतीस वर्षांत एक डाग नाही, एक खाडाखोड नाही, आणि एकही आकडा खोटा नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढं त्याच्याशी काम आहे.

तर गेल्या भाऊबिजेला वामनराव नेहमीप्रमाणे बहिणीकडं गेले, अंजनगाव सुर्जीला. बहीण म्हणजे सुभद्राताई, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, बहात्तरीची, ताठ कण्याची आणि तिखट जिभेची. जीभ तिखट असणारच. जन्म गेला पानपिंपरीच्या मळ्यात. पानपिंपरी म्हणजे वेलीवरची ती बोटभर लांबीची काळपट शेंग, औषधात जाते ती. चावली तर कानातून धूर निघतो. तोडणीला माणूस लागतो, वाळवायला ऊन लागतं, आणि विकताना अडत्यापुढं तोंड लागतं. सुभद्राताईंकडं तिन्ही भरपूर.

ताट तयार झालं, निरांजन लागलं, वामनराव पाटावर बसले. त्यांनी पिशवीतून साडीचा पुडा काढला, तशी ताईंनी हात वर केला.

"ठेव तो तिकडं. यंदा मले साडी नोको."

"मंग काय पायजे?" वामनराव म्हणाले. अकोल्यात ते पुस्तकी बोलतात. अंजनगावची वेस लागली की वऱ्हाडी आपोआप सुटते.

"तुही ती वही काढ."

वही पिशवीत होतीच. भाऊबिजेलाही निर्यातीची वही घेऊन जाणारा भाऊ भूतलावर दुसरा नसेल. ताईंनी वही मांडीवर घेतली, पानं उलटली, बोट फिरवलं.

"अडतीस साल झाले तू हे लिहून राहिला. याच्यात मी कुठं हाव?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? कापूस हाये, तांदूळ हाये, मोटारी हायेत, हिरे हायेत. देशातून भाईर जाते ते सारं हाये म्हणतो ना तू? माही पिंपरी कुठं हाये?"

वामनराव गडबडले. त्यांनी समजावून सांगितलं, की ताई, तुझी पिंपरी व्यापारी घेतो, तो दिल्लीला पाठवतो, तिथून ती कुठं जाते देव जाणे. आणि गेलीच थोडीफार, तरी हा तक्ता दशलक्ष डॉलरमध्ये असतो, फक्त दोन दशांशांपर्यंत. त्यातला सगळ्यात लहान आकडा, शून्य पूर्णांक शून्य एक, म्हणजे दहा हजार डॉलर. माल त्याच्या निम्म्याहून, म्हणजे पाच हजार डॉलरहून कमी असला, की तिथं शून्य पूर्णांक शून्य शून्य असं दिसतं.

"म्हणजे माल गेला तरी शून्य?"

"शून्य म्हणजे काहीच नाही असं नसते ताई. शून्य म्हणजे अर्ध्याच्या खाली."

"हे तू मले शिकवून राहिला?" ताई म्हणाल्या, आणि वामनरावांनी मान खाली घातली. कारण पाढे त्यांना ताईंनी शिकवले होते. मळ्याच्या बांधावर बसून, पिंपरीच्या शेंगा मांडून. चौथीत गणितात पहिली आलेली ही पोरगी. पण बापाला एकाच लेकराचा खर्च झेपत होता, आणि तो वामनच्या वाट्याला आला. ताईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही. न बोललेलंच माणसाला जास्त लागतं.

"ऐक," ताई म्हणाल्या. "माहा किशोर म्हणते, औंदा ही शेवटची पिंपरी. वेली उपटतो, संत्रा लावतो. मजूर भेटत नाहीत, त्याचंबी खरं हाये. पण उपटाच्या आधी एकडाव माह्या हातची पिंपरी या तुह्या वहीत आली पायजे. शून्य नोको. आकडा पायजे. देतो का ओवाळणी, सांग. नसन देत तर साडी दे अन् पाटावरून उठ."

निरांजन समोर जळत होतं. वामनराव म्हणाले, "देतो."

अनुपमावहिनी, म्हणजे वामनरावांची बायको, शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. संसारात नवऱ्याने एवढं मोठं कबूल केलेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

आता देतो म्हणणं सोपं. करायचं कसं? पण चौतीस वर्षं शिकवल्याचा एक फायदा असतो, गावोगाव विद्यार्थी पेरलेले असतात. गौरांग म्हणून एक होता, नागपुरात निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करणारा. वर्गात शेवटच्या बाकावर झोपायचा. वामनरावांनी फोन केला, तर पठ्ठ्या म्हणाला, "सर, तुमच्या धड्यावरच पोट चाललंय माझं." झोपेतही काही गोष्टी कानात जातात म्हणायचं.

गौरांगनं महिन्याभरात गिऱ्हाईक शोधलं. युरोपात एका चिमुकल्या थंड देशात औषधी चहा बनवणारी एक कंपनी होती, तिला पाचशे किलो अस्सल पानपिंपरी हवी होती. देशाचं नाव सांगत नाही. नाहीतर उद्या अर्धं अंजनगाव तिकडं पिंपरीचे कट्टे, म्हणजे पोती, घेऊन निघायचं. वामनरावांनी आधी सातही वह्या तपासल्या, मग सरकारी तक्ता पाहिला. पानपिंपरी आणि तो देश, या रकान्यात कुण्याच साली काही नव्हतं. नुसती कोरी जागा. म्हणजे ताईंचा माल गेला, तर तिथं दिसेल तो आकडा फक्त ताईंचा. वामनराव खुर्चीतून उठून एकटेच टाळ्या वाजवायला लागले.

ताईंच्या नावानं निर्यातीचा परवाना निघाला. त्यानंतर गौरांगचा फोन आला, तेव्हा वामनराव मुद्दाम अंजनगावात होते.

"किलोला नऊशे रुपये ठरलेत, सर. बिल डॉलरमध्ये करू का रुपयांत? आता रुपयांतही चालतं. आगाऊ पैसे द्यायला तयार आहेत."

ताईंनी फोन हातातून ओढला. "रुपयात कर! वावर आमचं, पिंपरी आमची, अन् पैसा त्यायचा काहून? आमचा रुपया काय खोटा हाये का?"

खरं म्हणजे इथं अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं दोन मिनिटं विचार करायला हवा होता. पण त्यांची छाती अभिमानानं अशी भरून आली होती, की विचाराला जागाच उरली नाही. "रुपयांतच!" तेही ओरडले. वर गौरांगला रुपयाच्या आंतरराष्ट्रीय भवितव्यावर दहा मिनिटं ऐकवलं. तो बिचारा जुन्या सवयीनं गप्प बसला.

हिशेब सोपा होता. पाचशे किलोचे साडेचार लाख रुपये. तेव्हा डॉलर होता अठ्ठ्याऐंशीला, म्हणजे पाच हजार एकशे तेरा डॉलर. पाच हजारांच्या वर म्हणजे तक्त्यात शून्य पूर्णांक शून्य एक. झाली ओवाळणी! वामनरावांनी वहीत पेन्सिलीनं बारीक खूण करून ठेवली.

माघात तोडणी झाली, शेंगा वाळल्या, आणि फेब्रुवारीच्या शेवटी ओसरीवर इलेक्ट्रॉनिक काटा मांडून कट्टे भरायचं काम निघालं. पंचवीस किलोचा एक, असे वीस कट्टे. प्रत्येकावर किशोरनं रंगानं माल, नाव आणि ताईंचा मोबाइल नंबर लिहिला होता. वामनराव खुर्ची टाकून देखरेखीला बसले. पहिल्या कट्ट्याला काट्यावर बरोबर पंचवीस आले, आणि ताईंनी वरून चांगली भरघोस ओंजळ टाकली.

"ताई! हे काय?"

"वानोळा."

आता वऱ्हाडात वानोळा कुणाला सांगायला नको. घरी आलेला माणूस रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही. हरभऱ्याची भाजी म्हणा, दोन वांगी म्हणा, शेतातलं काहीतरी त्याच्या पिशवीत घालायचंच. ताईंचा नेम त्याच्याही पुढचा होता. विकत घेणाऱ्यालाही त्या वानोळा देत. मोजलेलं ते मोलाचं, वरचं ते मनाचं, असा त्यांचा हिशेब.

"हे तिकडं चालत नाही," वामनराव म्हणाले. "कागदावर पाचशे लिहिलं, तर पाचशेच गेलं पायजे. एक शेंग जास्त नाही."

"काहून? त्यायच्यात कोणी कोणाले काही देत नाही का?"

"ताई, तुले माही शपथ हाये."

"बरं बापा! पंचवीस म्हणजे पंचवीस. प्रोफेसर सायेबाचा हुकूम." ताईंनी ती ओंजळ परत ढिगात टाकली, आणि किशोरला म्हणाल्या, "मामाले मळ्यात ने रे. वेली दाखव एकडाव. तिकडंच च्या पाज."

वामनराव मळ्यात गेले. वेलींची ती दाट गार सावली, शेवरीच्या झाडांवर चढलेली पानं, ओल्या मातीचा वास. लहानपणी इथंच बाराचा पाढा घोटला होता. किशोरही जरा हळवा झाला होता, म्हणाला, "उपटाचं म्हणतो मामा, पण हात होत नाही." परत येईपर्यंत वीसही कट्टे शिवून तयार होते. ताई सुतळीची सुई हातात घेऊन हसत बसल्या होत्या. वामनरावांना वाटलं, काम झालं म्हणून हसताहेत.

मार्चच्या तीन तारखेला माल नागपूरला गेला, आठवड्यात बंदरातून निघालाही. आणि मग रुपयाला काय झालं कोण जाणे, तो घसरायला लागला.

आठ तारखेला डॉलर एकोणनव्वद सत्तर. दहाला नव्वद दहा. वामनराव सकाळी पेपर वाचता वाचता ताडकन उभे राहिले. साडेचार लाख भागिले नव्वद म्हणजे बरोबर पाच हजार. नव्वदच्या वर गेला, की पाच हजारांच्या खाली. म्हणजे शून्य पूर्णांक शून्य शून्य! त्यात सरकार महिन्याच्या सरासरी दरानं डॉलर करतं, असं ते स्वतःच वर्गात शिकवत आले होते. म्हणजे आता आख्ख्या मार्चची सरासरी नव्वदच्या खाली राहायला हवी.

"अगं, मी गाढव आहे!" ते स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडले.

"आज काय झालं?" अनुपमावहिनींनी आतून विचारलं.

"डॉलरमध्ये बिल केलं असतं तर आकडा पक्का होता. मी रुपयांत करू दिलं! चौतीस वर्षं शिकवलं, की रुपया पडला की निर्यात करणारा हसतो. आणि रुपया पडला म्हणून रडणारा हिंदुस्थानातला पहिला निर्यातदार माझ्या घरात निघाला!"

"तुमच्या नाही, ताईंच्या घरात," वहिनी म्हणाल्या. "आणि ताई रडत नाहीयेत. तुम्हीच रडताय."

गौरांगला फोन केला. तो म्हणाला, सर, पैसे आलेत, माल समुद्रात आहे, आता देवाचं नाव घ्या. तो पुढं आणखी काहीतरी बोलायला गेला, अडखळला, आणि "बरं, ठेवतो," म्हणाला. वामनरावांचं तिकडं लक्ष नव्हतं.

जठारपेठेत नत्थुजींची पानटपरी आहे. तिथं पाटीवर खडूनं क्रिकेटचा स्कोअर लिहायची जुनी पद्धत. नत्थुजींनी सरांचं तोंड पाहिलं, कारण विचारलं, आणि ऐकून घेतल्यावर ओल्या फडक्यानं स्कोअर पुसला.

"सर, आजपासून इथं डॉलर लिहितो. बहिणीचा मामला हाये."

झालं! पंधरा दिवस त्या चौकात दुसरा विषय नव्हता. रिक्षावाले पाटीपुढं ब्रेक दाबून विचारत, "काय झाला बे?" एकोणनव्वद पंच्याण्णव झाला त्या दिवशी नत्थुजींनी सगळ्यांना फुकट बडीशेप वाटली. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव वीस. चौकात सुतक. एक माजी विद्यार्थी, आता बँकेत साहेब झालेला, गाडी थांबवून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, चलन जरा स्वस्त झालेलं देशाला बरं असतं?"

"देशाला बरं असतं!" वामनराव खेकसले. "माझ्या ताईला नसतं!"

पुढं डॉलर चढतच गेला, शेवटच्या आठवड्यात तर त्र्याण्णवच्याही वर. मार्च संपला. वामनरावांनी रोजचे दर मांडून सरासरी काढली. एक्क्याण्णव रुपये वीस पैसे. साडेचार लाखांचे झाले चार हजार नऊशे चौतीस डॉलर. सहासष्ट डॉलर कमी पडले, म्हणजे सहाएक हजार रुपये. सात किलो पिंपरी! एवढी तर ओसरीवर ढिगात उरली असेल. वामनराव दोन दिवस चौकाकडं फिरकले नाहीत.

ताईंचा फोन येई, "आला का रे आकडा?" वामनराव म्हणत, "मे महिन्यात येते." खोटं नव्हतं. पण खरं काय ते सांगायचं धाडस होत नव्हतं. बहिणीनं जन्मात एक गोष्ट मागितली. तीही सोन्याची नाही, जमिनीची नाही. एक टिंब आणि एक 'एक' मागितला, आणि भावानं बसल्या जागी तो घालवला.

मेच्या मध्याला अमुक मालाचे अमुक देशातले तपशीलवार आकडे आले. वामनरावांनी संगणक लावला, वही उघडली, पेनात शाई भरली, आणि तसेच बसून राहिले. अर्धा तास झाला. अनुपमावहिनी येऊन मागं उभ्या राहिल्या.

"एक सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "लिहून टाका एक. ताई काय दिल्लीला जाऊन तपासणार आहेत का? म्हातारीचं मन राहील."

वामनरावांनी पेन उचललं. खरंच उचललं. कुणाला कळणार होतं? निब कागदाला टेकणार, इतक्यात त्यांना बांधावरची ताई आठवली. सात चोक सत्तावीस म्हटलं म्हणून कान पिळणारी. "चुकला तर चुकला म्हण, पण दडपून नोको सांगू."

"नाही जमत गं," ते म्हणाले. "शून्य आहे तर शून्यच लिहीन. आणि स्वतः जाऊन ताईला सांगीन. कान पिळायचा तर पिळू दे."

त्यांनी माल निवडला, देश निवडला, महिना निवडला, आणि बटण दाबलं.

०.०१

वामनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ०.०१. पान बंद केलं, उघडलं. ०.०१. ते ओरडले नाहीत, नाचले नाहीत. त्यांना वाटलं, सरकार चुकलं! माणूस हाडाचा मास्तर असला की त्याचं असं होतं. त्यांनी गौरांगला फोन लावला.

"गौरांग, तक्ता चुकलाय. पाचशे किलोचे चार हजार नऊशे चौतीस डॉलर होतात. तिथं शून्य एक कसा?"

पलीकडं गौरांग हसायला लागला.

"सर, पाचशे कुठले? पाचशेवीस गेले."

"काय?"

"गोदामात वजन केलं तर एकूण एक कट्टा सव्वीस किलो. तुम्हाला फोन केला, तर तुम्ही दुपारी फोन बंद करून झोपता. कट्ट्यावर ताईंचा नंबर होता, त्यांना लावला. म्हटलं, वजनात फरक आहे. म्हणाल्या, कमी हाये का जास्त? म्हटलं, जास्त. म्हणाल्या, मंग रडून काहून राहिला? तो वानोळा हाये, काढाचा नाही. मी म्हटलं, मावशी, फुकट दिला तरी कागदावर त्याची किंमत दाखवावी लागते, नाहीतर माल अडकेल. म्हणाल्या, दाखव मंग, लपवाचं काय त्याच्यात? नऊशेच्या भावानं वीस किलोचे अठरा हजार दाखवले. चार लाख अडुसष्ट हजारांचं बिल गेलं, सर."

वामनरावांनी भागाकार केला. पाच हजार एकशे एकतीस डॉलर.

"अरे मग मला का नाही सांगितलंस? मी दोन महिने मेलो इकडं!"

"त्यांनी शपथ घातली, सर. म्हणाल्या, वामन्याले सांगू नको, रागावते तो."

फोन ठेवला, आणि मग मात्र वामनराव हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि अनुपमावहिनी त्यांना पाणी द्यावं की डॉक्टर बोलवावा या विचारात पडल्या. वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. ती जागा कोरी ठेवली, वही पिशवीत टाकली आणि दर्यापूरमार्गे जाणारी एसटी धरली. वाटेत नत्थुजींना सांगायला विसरले नाहीत. नत्थुजींनी पाटीवर मोठ्या अक्षरांत ०.०१ लिहिलं, आणि मग विचारलं, "पण सर, हे नाव अकोल्याचं का अमरावतीचं?"

"कागदावर जिल्हा अमरावती."

"घ्या! रुपयासाठी गळा फाडला आमी, अन् नाव त्यायचं!" नत्थुजी म्हणाले. पण पाटी पुसली नाही. ती आठवडाभर तशीच होती, मी स्वतः पाहिली आहे.

अंजनगावात पोचले तेव्हा दुपारचं ऊन रणरणत होतं. ताई ओसरीत पाटा टाकून चटणी वाटत होत्या. भावाचा घामानं भिजलेला चेहरा पाहून त्यांचा हात थांबला.

"आला का?"

"आला."

"शून्य हाये?"

"शून्य पूर्णांक शून्य एक."

ताईंनी वरवंटा बाजूला ठेवला. "एवढासाच?"

"एवढासाच. पण हिंदुस्थानातून त्या देशात गेलेली सारी पानपिंपरी म्हणजे हा एक, अन् तो एक सारा तुहा. अन् ऐक ताई. मोजलेल्या मालात तो आलाच नसता. रुपया पडला होता. मी बिल रुपयात करू दिलं, माही चूक झाली. तू चोरून टाकला त्या वानोळ्यानं तो आला."

"गौरांगनं सांगितलंच का शेवटी?" ताई ओशाळल्या. बहात्तर वर्षांच्या बाईला ओशाळताना पाहणं मोठं गोड असतं. "रागावला तर नाहीस ना रे?"

वामनरावांनी वही ताईंसमोर ठेवली, मार्च महिन्याचं पान उघडलं, त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि टोपण काढून पेन पुढं केलं.

"लिही."

"मी?"

"आकडा तुहा हाये. मी कोण लिहिणार?"

ताईंनी हात पदराला पुसले. दोनदा पुसले. मग वहीवर वाकल्या आणि चौथीतल्या पहिल्या नंबराच्या पोरीनं, साठ-बासष्ट वर्षांनी, एक शून्य काढलं, टिंब दिलं, दुसरं शून्य काढलं, आणि शेवटी चांगला ठसठशीत एक काढला. हाताला चटणीचं तिखट राहिलंच होतं. एकाच्या बाजूला लाल बोट उमटलं.

"अय्या! डाग पडला! अडतीस सालात डाग नव्हता तुह्या वहीत."

"राहू दे," वामनराव म्हणाले. "पुसशील तर याद राख."

ताई खळखळून हसल्या. उठून आत गेल्या, ताट घेऊन आल्या, निरांजन लावलं. ओवाळणी आज मिळाली तर ओवाळणंही आजच, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्याशी वाद कोण घालतो? भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी अंजनगावात भाऊबीज झाली. किशोर मळ्यातून आला तो दारातच थबकला.

ओवाळून झाल्यावर ताईंनी पुन्हा वही जवळ ओढली आणि आपल्या अक्षराकडं निरखून पाहिलं.

"वामन्या, या एकाच्या जागी दोन व्हाले किती माल लागते?"

वामनरावांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "डॉलर असाच राहिला तर पंधराशे वीस किलो."

ताईंनी मान वळवून लेकाकडं पाहिलं. किशोरनं डोक्यावरचा रुमाल सोडला, घाम पुसला, आणि हसू दाबत म्हणाला, "म्हणजे वेली उपटाच्या नाहीत तर. उलट्या वाढवा लागतीन. बरं बापा, पंधराशे वीस."

"पंधराशे वीस मोजून," ताई म्हणाल्या, "अन् वानोळा वेगळा."